कंसातील मुले

सीमाभागातील मराठी मुलाला ‘सिद्दी’ हा शब्द प्रथम भेटतो तो पन्हाळगडाच्या वेढ्यात. १६६० सालचा पावसाळा, गडाच्या पायथ्याशी तळ देऊन बसलेला सिद्दी जौहर, रात्रीच्या अंधारात निसटलेली पालखी आणि घोडखिंडीत देह ठेवणारा बाजीप्रभू. ही कथा ज्या घरात कोणी सांगितली नाही असे मराठी घर बेळगाव जिल्ह्यात विरळा. पुढे जंजिऱ्याची गोष्ट येते, आणि सिद्दी म्हणजे काळा, क्रूर, हटवादी शत्रू ही मूर्ती वयाच्या सातव्या-आठव्या वर्षी मनात घट्ट बसते. ती बसविणाऱ्यांचा हेतू वाईट असतो असे नाही. परंतु जांबोटीहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल एवढ्या अंतरावर, खानापूर तालुक्याच्या हल्याळकडील रानपट्ट्यात, हेच नाव आडनावासारखे लावणारी माणसे राहतात. त्यांची मुले दप्तर घेऊन सरकारी शाळेत जातात. आणि वर्गात ही गोष्ट निघाली की साऱ्या माना एका बाकाकडे वळतात, हे गोष्ट सांगणाऱ्याच्या ध्यानी येत नाही.

त्या बाकावरच्या मुलाला त्याच इतिहासातील दुसरी नावे सहसा कोणी सांगत नाही. अफझलखानाच्या भेटीला महाराज गेले तेव्हा त्यांच्याबरोबरच्या निवडक अंगरक्षकांत सिद्दी इब्राहीम होता. पन्हाळ्याचा तो वेढा बाहेरून फोडण्यासाठी नेतोजी पालकरासमवेत चालून गेलेला सिद्दी हिलाल हाही त्यांपैकीच. त्याचा तरुण मुलगा वाहवाह त्या लढाईत जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. म्हणजे वेढा घालणारा सिद्दी, आणि वेढा फोडण्यासाठी पोटचा मुलगा पणाला लावणाराही सिद्दीच. ज्याची जमीन महसुलाची पद्धत दख्खनमध्ये नावाजली गेली, ज्याने वसविलेल्या खडकीचे पुढे मोठे शहर झाले, तो निजामशाहीचा वजीर मलिक अंबर तर हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा होता. एवढे सांगण्यास शिक्षकाला पाच मिनिटे अधिक लागतील. वंशावंशांतील समानता हा विषय परिषदांतून मोठ्या शब्दांत मांडला जातो. शाळेत त्याची सुरुवात अशा पाच मिनिटांनी होते, किंवा होत नाही.

उत्तर कन्नड, धारवाड व बेळगाव या तीन जिल्ह्यांच्या सांध्यावर राहणाऱ्या सिद्द्यांचा जंजिऱ्याच्या नवाबीशी संबंध जोडणे मुळातच चुकीचे आहे. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून, विशेषतः मोझांबिकसारख्या पोर्तुगीज ठाण्यांतून, जी माणसे गुलाम म्हणून गोव्यात आणली गेली, त्यांपैकी पळून किंवा सुटून घाटावर आलेल्यांचे हे बहुतांशी वंशज. जांबोटीवरून कणकुंबीकडे आणि तेथून चोर्ला घाटाने खाली गोव्यात उतरणारा रस्ता आज मोटारींनी गजबजलेला आहे. त्या काळी घाटमाथ्यावरचे हे घनदाट रान म्हणजे पोर्तुगीज अंमल संपल्याची खूण होती. खालच्या मुलखात गुलामाचा बाप्तिस्मा होई, त्याला संताचे नाव मिळे, आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस पुन्हा मालकाची पालखी वाही. चर्चच्या वहीत नाव आणि बाजारात किंमत या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला आल्या. ख्रिस्ती समाजाने हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. पोर्तुगालने आपल्या सर्व मुलखांतील गुलामगिरी रद्द केल्याचे १८६९ साली जाहीर केले. तोवर घाटावरच्या रानात सिद्द्यांच्या पिढ्या नांदून गेल्या होत्या.

आज त्यांच्यात ख्रिस्ती आहेत, मुसलमान आहेत, हिंदू आहेत. एकाच रानातील तीन वाड्यांवर तीन धर्म आढळतात, पण दमामी वाजू लागली की पाय एकाच ठेक्यावर पडतात. घरची बोली कोकणीच्या वळणाची, तीत मराठी आणि कानडी शब्द मिसळलेले. कामधंदा पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या बागेतला, सुपारीच्या आणि भाताच्या, नाहीतर जंगलातला. म्हैसूरच्या बाजूने पाहिले तर ही माणसे परकी, गोव्याच्या बाजूने पाहिले तर विसरलेली, आणि बेळगावच्या मराठी माणसाला तर ती आपल्याच तालुक्यात आहेत याचीही पुष्कळदा वार्ता नसते. सीमाभागातील मराठी समाजाने आपल्या मुलांच्या मातृभाषेसाठी किती वर्षे कंठशोष केला हे सर्वश्रुत आहे. घरी एक बोली आणि फळ्यावर दुसरी भाषा असली म्हणजे पहिलीतल्या मुलाचे काय होते, हे या समाजास कोणी शिकविण्याची आवश्यकता नाही. सिद्दी मुलाच्या वाट्याला नेमके तेच येते. मात्र त्याच्या बोलीसाठी कोणी मोर्चा काढल्याचे ऐकिवात नाही.

भाषेची अडचण वर्षा-दोन वर्षांत ओसरते. केसांची आणि कातडीची ओसरत नाही. सुट्टीत कुरळ्या केसांना हात लावून पाहणारी मुले, ‘तू आफ्रिकेतून केव्हा आलास?’ असे भाबडेपणाने विचारणारे पाहुणे, आणि गणितात चुकले की ‘यांच्याकडून एवढेच व्हायचे’ असा मान हलवून दिलेला शेरा. यांतील एकही गोष्ट तक्रारअर्जात लिहिण्यासारखी नसते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलाला मारण्यास जशी बंदी केली तशीच मानसिक छळासही केली आहे, आणि दुर्बल घटकांतील मुलांशी भेदभाव होणार नाही हे पाहण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. पण ज्याला ते छळ म्हणायचे हेच ठाऊक नाही, ते मूल तक्रार कोठे करणार? ते एक दिवस शाळेत जाण्याचे थांबते, आणि हजेरीपटावर ‘सतत गैरहजर’ असा शेरा पडतो.

अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या निग्रो दांपत्याने (त्या काळी हाच शब्द रूढ होता; आज तो अपमानास्पद मानतात) लहान मुलांपुढे बाहुल्या ठेवून एक साधी चाचणी केली होती. बाहुल्या सारख्याच, फरक फक्त रंगाचा. यांतील चांगली कोणती, वाईट कोणती, असे विचारले असता कृष्णवर्णीय मुलांपैकी बहुतेकांनी गोरी बाहुली चांगली म्हणून उचलली. ‘तुझ्यासारखी कोणती?’ हा पुढचा प्रश्न ऐकून काही मुलांना रडू कोसळले. १९५४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरविल्या, तेव्हा वेगळेपणाने मुलाच्या मनावर होणाऱ्या परिणामाचा विचार निकालात केला, आणि या अभ्यासाचा त्यात उल्लेख केला. आपल्याकडे शाळा वेगळ्या नाहीत. बाक मात्र कधीकधी वेगळा असतो, आणि बाकाला कोणत्याही न्यायालयाचा निकाल लागू पडत नाही.

सिद्दी मुलांची सरकारने पहिली मोठी दखल घेतली तीही मजेशीर रीतीने. १९८० नंतरच्या दशकात, मार्गारेट आल्वा क्रीडाखात्याच्या मंत्री असताना, भारतीय क्रीडा प्राधिकरणाने विशेष क्षेत्र खेळ योजना काढली. आफ्रिकी वंशाची मुले जात्याच धावपटू असणार, त्यांना शिक्षण दिले तर ऑलिंपिकची पदके येतील, असा विचार. रानातील वाड्यांवरून मुले निवडण्यात आली, त्यांना वसतिगृहात ठेवण्यात आले, पायांत बूट आले, पोटाला पुरेसे अन्न आले. काहींनी राष्ट्रीय पातळीवर पदकेही मिळविली. मग १९९३ साली योजना गुंडाळली गेली आणि बहुतेक मुले आली तशी परत गेली. त्या मुलांपैकी पुष्कळांना त्या काही वर्षांत आयुष्यातील पहिला मान मिळाला, हे खरेच आहे. योजनेची निंदा करताना ते विसरू नये. तथापि मुलगा काय होऊ शकेल हे त्याच्या कातडीवरून ठरविण्याची चूक येथेही झालीच, फक्त ती कौतुकाच्या अंगाने झाली. त्यांच्यातील कोणी गणितात हुशार आहे काय, हे पाहण्यासाठी अशी कोणतीही योजना निघाली नाही.

जे टिकाऊ काम झाले ते आतून झाले. सिद्द्यांनी आपल्या संघटना बांधल्या. मुंडगोड येथील लोयोला विकास केंद्रासारख्या संस्थांनी सिद्दी आणि गवळी वाड्यांवर शिक्षणाचे आणि बचतगटांचे काम चालविले. वनवासी कल्याणाच्या कामातूनही वसतिगृहे उभी राहिली. एकमेकांशी न पटणाऱ्या या दोन विचारांच्या माणसांना त्याच रानात, त्याच मुलांसाठी काम करावेसे वाटले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. बायकांच्या हातच्या ‘कवंदी’, म्हणजे जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांच्या वाकळी, हेन्री ड्र्यूअल या अमेरिकी कलाभ्यासकाच्या नजरेस पडल्या आणि २००४ साली त्या शिवणाऱ्या बायकांची सहकारी संस्था झाली. कवंदीच्या चारी कोपऱ्यांना कापडाची लहान फुले लावतात. ती नसली तर कवंदी उघडी राहिली असे मानतात. यल्लापूर तालुक्यातील शांताराम सिद्दी हे या समाजातील पहिल्या काही पदवीधरांपैकी एक. २०२० साली त्यांची कर्नाटक विधान परिषदेवर नियुक्ती झाली आणि सभागृहात पहिला सिद्दी सभासद बसला.

पण या साऱ्यांत महत्त्वाची गोष्ट एका कंसाची आहे, आणि ती खानापूर तालुक्याशी निगडित आहे.

सिद्द्यांना अनुसूचित जमातींच्या यादीत घालावे ही मागणी संघटनांनी पुष्कळ वर्षे लावून धरली. २००३ च्या जानेवारीत ती मान्य झाली. यादीत शब्द आला ‘सिद्दी’, आणि त्यापुढे कंसात ‘उत्तर कन्नड जिल्ह्यात’. हा कंस दिल्लीतील लेखनिकाला किरकोळ वाटला असेल. रानात त्याचा अर्थ असा झाला की, हल्याळ तालुक्यातील सिद्दी मुलगी अनुसूचित जमातीची ठरली. आणि ओढ्यापलीकडच्या खानापूर तालुक्यातील तिची मावसबहीण, तिच्याच रंगाची, तिच्याच बोलीची, एकाच आजोबाची नात, ती मात्र जमातीची ठरली नाही. एकीला शिष्यवृत्ती, आश्रमशाळेत हक्काची जागा, पुढे नोकरीतील राखीव जागा. दुसरीला तलाठ्याच्या आणि तहसीलदाराच्या कचेरीतील बाकडे. जिल्ह्याची हद्द आखणाऱ्या इंग्रज मोजणीदाराला आपण एका कुटुंबाच्या मधून रेघ ओढत आहो याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. स्वतंत्र भारताच्या संसदेला ती असायला हवी होती. कंस दुरुस्त होऊन त्यात बेळगाव आणि धारवाड ही नावे येण्यास २०२० साल उजाडावे लागले. पहिलीत बसलेल्या मुलीचे सारे शिक्षण आटोपून ती संसाराला लागावी, एवढी ही सतरा वर्षे.

ज्या भागात १९५६ च्या एका रेघेने किती घरे दुखावली गेली याच्या कथा अजून सांगितल्या जातात, त्या भागाने या दुसऱ्या रेघेची कधी विचारपूस केली नाही. हा दोष कोणा एकाचा नाही. आपले दुःख मोठे असले की शेजारच्याचे त्याच जातीचे दुःख दिसेनासे होते.

शाळेतून गळालेले मूल जाते कोठे? काही शेतावर जातात, काही गुरांमागे. काही गोव्याच्या हॉटेलांत कपबश्या विसळायला उतरतात. काही लोंढ्यासारख्या जंक्शनावर गाडी पकडतात. अशा मुलावर पोलिसाची नजर पडण्यास त्याने काही करावे लागत नाही. ते भलत्या वेळी भलत्या ठिकाणी उभे असले की पुरते. सिद्द्यांच्या नावापुढे कंस होता. याच मुलखातील दुसऱ्या काही जमातींच्या नावामागे सरकारने एक विशेषणच जोडून ठेवले होते, आणि ते त्यांच्या तान्ह्या मुलांनाही लागू होते.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची गोष्ट मराठी वाचकाला नवी नाही. १८९७ सालच्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून काढून निराळ्या सुधारवसाहतीत ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. पुढे हा कायदा मुंबई इलाख्यात आला. विजापुरास स्टार्ट या सनदी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली वसाहत उभी राहिली. हुबळी, गदग, सोलापूर येथे गिरण्यांच्या आसऱ्याने दुसऱ्या वसाहती झाल्या. तारेचे कुंपण, हजेरी, बाहेर जाण्यास पास. तेथे मुलांना शाळा सक्तीची होती. सबंध इलाख्यात गरिबांच्या मुलांना सक्तीचे शिक्षण मिळावे म्हणून थोर थोर माणसे झगडत होती, त्या काळात ते मिळाले प्रथम कुंपणाआतल्या मुलांना. आणि शिकून बाहेर पडलेल्या मुलाला जग विचारी, ‘तू सेटलमेंटातला ना?’ हुबळीत आणि सोलापुरात त्या वस्त्यांना सेटलमेंट हे नाव आजही आहे. कुंपण गेले, नाव राहिले.

१९२४ हे साल या दृष्टीने फार चमत्कारिक होय. त्या वर्षी दिल्लीच्या विधिमंडळाने गुन्हेगार जमातींचा कायदा नव्याने, एकत्र करून मंजूर केला. आणि त्याच वर्षी मुंबईच्या कायदेमंडळाने मुंबई मुलांचा कायदा केला. एका कायद्याचे म्हणणे असे की, सोळा वर्षांखालील मुलाने गुन्हा केला असला तरी त्यास गुन्हेगार म्हणून वागवू नये. त्याला वेगळे न्यायालय द्यावे, तुरुंगाऐवजी शाळा द्यावी. दुसऱ्याचे म्हणणे असे की, विशिष्ट जमातीत जन्मलेल्या मुलाने काहीही केले नसले तरी तो गुन्हेगारांच्या नोंदीतला. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता, म्हणजे दोन्ही कायदे एकाच सरकारच्या हाती. मुलगा पुढे उभा राहिला की कोणता कायदा काढायचा, हे त्याने काय केले यावर अवलंबून नव्हते. १९२७ साली मुंबईत चिल्ड्रेन्स एड सोसायटी निघाली, मुलांचे पहिले न्यायालय तेथेच बसू लागले आणि देशभर त्याचे नाव झाले. कुंपणाआतल्या मुलांचे नाव तेथे कोणी काढले नाही.

मुंबई प्रांताने जमातींचा कायदा १९४९ साली रद्द केला. साऱ्या देशातून तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. परंतु जुन्या सवयीला राजपत्रातील अधिसूचना वाचता येत नाही. चोरी झाली की पहिला फेरा पारध्यांच्या पालांवर, ही रीत चालूच राहिली, आणि मोठी माणसे रानात पळाली की हाती लागत ती पोरे. यावर न्यायालयाचे दार ठोठावले ते दोन वेळा मुंबईच्या स्त्री पत्रकारांनीच. शीला बारसे यांनी देशातील तुरुंगांत ठेवलेल्या मुलांविषयी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. मुलांना तुरुंगात ठेवता कामा नये, आणि साऱ्या देशास एकच कायदा हवा, असे न्यायालयाने १९८६ साली सांगितले. त्याच वर्षाच्या अखेरीस बाल न्याय कायदा झाला. अडतीस वर्षांनी सुकन्या शांता यांच्या अर्जावर, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, त्याच न्यायालयाने तुरुंगांच्या नियमांतील जातीवार कामवाटप रद्द ठरविले, आणि विमुक्त जमातींना जन्माने सराईत गुन्हेगार समजणारी भाषाही काढून टाकण्यास सांगितले. हा शब्द २०२४ पर्यंत सरकारी पुस्तकांत शिल्लक होता, एवढे म्हटले तरी पुरे.

आजचा बाल न्याय कायदा २०१५ सालचा. दिल्लीतील २०१२ च्या भीषण घटनेनंतर जो लोकक्षोभ उसळला त्यातून तो आला, आणि सोळा ते अठरा वर्षांच्या मुलास घोर गुन्ह्यात मोठ्यांप्रमाणे खटल्यास उभे करण्याची वाट त्याने मोकळी केली. हे कलम वादग्रस्त आहे आणि वाद मिटलेला नाही. पण याच कायद्यातील बाकीच्या तरतुदी खेड्यापाड्यांत पोचल्याच नाहीत, याची हळहळ अधिक वाटावी. मुलास कोणत्याही परिस्थितीत पोलीस कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत त्यास बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक, त्यांपैकी एक तरी स्त्री. मुलाविषयी बोलताना लिहिताना डाग लावणारे शब्द वापरायचे नाहीत. त्याचे नाव वा छायाचित्र छापायचे नाही. संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय. त्याआधी ताकीद, समुपदेशन, समाजोपयोगी काम, देखरेखीखाली घरी ठेवणे हे मार्ग आहेत.

मंडळापुढे येतो तो सामाजिक अन्वेषण अहवाल. त्याचा एक छापील नमुना आहे. परिवीक्षा अधिकाऱ्याने मुलाच्या घरी जाऊन तो भरावयाचा असतो. त्यात घर, मिळकत, व्यसने, सोबती यांचे रकाने आहेत, आणि त्यांच्याच बरोबरीने शाळेचे आहेत. मुलाने शाळा का सोडली? वर्गमित्र त्याच्याशी कसे वागत? शिक्षकांची वृत्ती कशी होती? ज्या मुलाने शाळा सोडताना कोणाला काही सांगितले नाही, त्याची ती न सांगितलेली हकिकत न्यायमंडळ असे विचारून घेते. मात्र तोवर मूल पोलिसांच्या हाती सापडलेले असते. आणि उत्तर देण्यासाठी अधिकारी जातो कोणाकडे? त्याच शाळेत, त्याच शिक्षकाकडे.

हे चक्र उलटे फिरविण्याचे काम महाराष्ट्रात काहींनी करून दाखविले आहे. तुळजापूर तालुक्यात यमगरवाडीस गिरीश प्रभुणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पारधी आणि इतर भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी शाळा उभी केली. अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळा येथे मतीन भोसले या पारधी शिक्षकाने नोकरी सोडून २०१२ साली आश्रमशाळा काढली आणि तिचे नाव ठेवले ‘प्रश्नचिन्ह’. ज्या समाजाचा प्रत्येक माणूस सरकारी कागदावर प्रश्नचिन्ह आहे, त्याच्या शाळेला दुसरे कोणते नाव शोभणार? २०१९ साली समृद्धी महामार्गाच्या कामात त्या शाळेचे ग्रंथालय आणि वर्ग पाडले गेले. मुले मात्र उठून गेली नाहीत, शाळा चालू राहिली. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’ प्रकल्पातील कार्यकर्ते १९९० पासून तुरुंगात आणि पोलीस ठाण्यात बसून अडकलेल्या माणसाचे घर, वकील आणि कागद शोधून देण्याचे काम करीत आले आहेत. हे काम दिसण्यास अगदी रूक्ष असते. जामिनासाठी राहण्याचा पुरावा लागतो, पालावर राहणाऱ्याकडे तो नसतो, आणि एवढ्या एका कागदाअभावी माणूस आत राहतो.

न्यूझीलंडमध्ये माओरी मुले फार मोठ्या प्रमाणात सरकारी गृहांत जाऊन पडत. तेथील माओरींनी गाऱ्हाणे मांडले की, सरकार मुलाला सुधारते म्हणते आणि त्याचे कुळ तोडते. त्यातून १९८९ साली कायदा झाला. मुलाच्या हातून अपराध घडला तर त्याचे आईबाप, काका-आत्या, ज्याचे नुकसान झाले तो माणूस आणि पोलीस एकत्र बसतात, आणि भरपाई कशी करावयाची हे ठरवितात. हे ऐकून कोणाच्या मनात जुन्या गावकीची आठवण दाटून येईल, तर त्याने जरा थांबावे. आपल्या जातपंचायतींनी दंड केले, वाळीत टाकले, बायकांना हाल सोसावयास लावले. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रास २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला तो उगीच नव्हे. न्यूझीलंडच्या त्या बैठकीत मुलाला बोलू देतात, आणि तेथे ठरलेल्या गोष्टीवर कायद्याची नजर असते. आपल्याकडे याच्या जवळची जागा शोधायची तर ती गावकीच्या पारावर सापडणार नाही. शाळेच्या एसडीएमसीच्या सभेत सापडण्याचा संभव आहे. तेथे पालक असतात, शिक्षक असतात, पंचायतीचा माणूस असतो. चहा होतो, पोषण आहाराच्या तांदळाचा हिशोब होतो, छपराच्या गळतीवर अर्धा तास जातो. ‘सतत गैरहजर’ शेरा पडलेल्या मुलांची नावे एकदा मोठ्याने वाचून, त्या प्रत्येकाच्या घरी कोण जाणार हे त्याच सभेत ठरविण्यास नियमाची कोणतीही आडकाठी नाही. असे जेथे होते तेथे पोलिसाच्या आधी शाळेचा माणूस दारात पोचतो.

खानापूर तालुक्यात तर आणखी एक काम शिल्लक आहे, आणि ते दर जूनमध्ये होते. २०२० नंतर कंस मोठा झाला, पण दाखला आपोआप घरी येत नाही. तो काढताना तहसीलदाराच्या कचेरीत पहिली विचारणा होते ती शाळेच्या दाखल्याची, आणि शाळेच्या जुन्या वहीत सिद्दी मुलाच्या जातीच्या रकान्यात कोठे ‘ख्रिश्चन’ लिहिलेले असते, कोठे ‘मुसलमान’, कोठे नुसतीच आडवी रेघ. लिहिणाऱ्या गुरुजींनी मुलाचे नाव ऐकले, आंतोन किंवा हुसेन, आणि बाकीचे गृहीत धरले. अनुसूचित जमातीचा हक्क धर्मावर अवलंबून नसतो. सिद्दी कोणत्याही देवळात, मशिदीत वा चर्चमध्ये जावो, कायद्याने तो सिद्दीच राहतो. वहीतील चुकीच्या नोंदीमुळे मात्र बापाला चार खेपा घालाव्या लागतात, आणि प्रत्येक खेपेला एका दिवसाची मजुरी बुडते. धर्माचा रकाना वेगळा आहे, जातीचा वेगळा आहे. पावसाने भिजलेला बाप मुलाचा हात धरून शाळेच्या ओसरीवर उभा राहतो, तेव्हा मुख्याध्यापकाने लेखणी उचलण्यापूर्वी त्यालाच विचारावयाचे असते, आणि तो सांगेल ते त्या रकान्यात लिहावयाचे असते.